चोळणारा हात

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांना गोष्ट नुसती ऐकू येते. आज देवादिकांचं आख्यान लावत नाही. बीड बायपासला लागून असलेल्या आपल्या सातारा परिसरात राहणाऱ्या बन्सीचं सांगतो. चितेगावच्या कारखान्यात स्टीलच्या नळांना चकाकी आणणारा बन्सी. कीर्तनकार बुवा सहा शत्रू सांगायला बसले की काम-क्रोधात तासभर रमतात आणि मत्सराला आरतीच्या आधी दोन मिनिटांत उरकतात. त्या बिचाऱ्याला आज जरा मानाची जागा देऊ.

सकाळचे साडेसहा. सुरेखा अंघोळ करून पाठमोरी बसली होती. बन्सीनं बोटांवर मलम घेतलं आणि बायकोच्या पाठीवर नेहमीसारखा जोर लावून चोळायला सुरुवात केली.

"चोळू नका," ती म्हणाली.

"आँ?"

"अंग ओलं हाय तवर नुस्तं टेकवत जायचं म्हनं. वरून खाली. खपली आपली आपण सुटू द्यायची. धम्मपालभाऊ म्हनले."

बन्सीचा हात तिथंच थांबला. अकरा वर्षं तो हे करत होता आणि आज त्याला कुणी धम्मपाल शिकवत होता!

सोरायसिसनं सुरेखाची पाठ, कोपरं आणि तळहात धरले होते. लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे. थंडीत तळहाताला भेगा पडल्या की भाकरी थापताना पिठाला रक्ताचा ठिपका लागे. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ते ऐकायला गल्ली कुठं बरोबर गेली होती? भजनी मंडळात गोजरबाईंनी एकदा आपली सतरंजी हळूच ओढून घेतली. शब्द एक नाही. त्यानंतर सुरेखा मंडळात गेली नाही.

बन्सी मात्र हटला नाही. सणावारी, स्वतःच्या अंगात ताप असतानासुद्धा त्यानं मलम लावलं. आणि लावलं कसं? कारखान्यातल्यासारखं. तिथं फिरत्या चाकावर नळ धरायचा आणि वरचं सगळं निघून लकाकी दिसेपर्यंत घासायचा. इथंही पापुद्रा निघून खालची गुलाबी कातडी दिसली की त्याला काम नीट झाल्यासारखं वाटे. सुरेखा दात आवळून बसे. त्याला वाटे, रोगानं आवळते.

धम्मपाल भेटला तो दवाखान्यात. तिथं उभ्या कपाटासारखं एक यंत्र आहे. त्याच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत काही मिनिटं उभं राहायचं. सुरेखाची वेळ सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊची, धम्मपालचीही तीच. पन्नाशीचा गृहस्थ, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. उन्हाळ्यातसुद्धा शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून. बाकड्यावर एका टोकाला तो, एक जागा सोडून सुरेखा आणि तिच्या पलीकडं बन्सी.

"काय ताई, काल बर्फ किती पडला?"

"दोन सुपं. सकाळीच झाडून काढला."

"आमच्याकडं तर पुरं काश्मीर. लोक पैसे भरून जातात, आपल्याला गादीवरच मुफ्त!"

सुरेखा हसली. तोंडाला पदर न लावता, चांगली खळखळून हसली. बन्सी बघतच राहिला. तिच्या गादीवरचे पापुद्रे तो अकरा वर्षं तिची पाठ वळल्यावर झटकत आला होता, तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि हा माणूस त्यांवर विनोद करतो, आणि ही हसते?

परतताना स्कूटरवर तो म्हणाला, "लई हसू येतंय आजकाल."

"व्हय, येतंय."

"आमाला बी सांगा की काय गंमत हाय ती."

"तुमाला नाय कळायची. ज्याला खाजतं त्यालाच कळती."

ती सहज बोलून गेली, पण बन्सीच्या काळजाला ते वाक्य कुसळासारखं टोचलं. ती त्याला भाऊ म्हणते, तो तिला ताई म्हणतो. वावगं काही नाही, हे बन्सीला पक्कं ठाऊक होतं. पण भाऊ म्हटल्यानं जळायचं थांबतं का हो? काही वावगं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथं तक्रार तरी काय करायची? की त्याला दुखतं आणि मला दुखत नाही?

पुढच्या सोमवारी सुरेखा यंत्रात उभी असताना तो खिडकीशी गेला. तिथं रत्नमाला सिस्टर नावं लिहून घ्यायच्या.

"सिस्टर, आमची येळ बाराची करा. माझी पाळी बदलली कारखान्यात."

घरी येऊन सांगितलं, "दवाखान्यानं येळ बदलली. आता बाराला बोलावलंय."

"आन धम्मपालभाऊंची?"

"मला काय म्हाईत!"

एप्रिलचा महिना. बीड बायपासवरचं बारा वाजताचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. स्कूटरवर जाईपर्यंत सुरेखाच्या पाठीला घाम सुटे आणि भेगांत मिठासारखा झोंबे. बाकड्यावर ओळखीचं कुणी नसे. ती भिंतीवरचा तक्ता वाचत बसे. घरी गुणगुणणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात तळहात असे उलले की पातेलं उचलायला तिला कोपरांचा आधार घ्यावा लागे. बन्सी सगळं बघत होता. उद्या वेळ बदलून घेऊ, असं रोज ठरवत होता आणि बाकड्यावरचं ते हसणं आठवलं की गप्प बसत होता.

एका गुरुवारी रत्नमाला सिस्टरच त्याच्यासमोर म्हणाल्या, "अहो सुरेखाताई, एवढ्या उन्हात येऊ नका. घामानं वाढतं हे. यांची पाळी परत बदलली की सांगा, सकाळची जागा देते."

सुरेखानं नवऱ्याकडं एकदा बघितलं. घरी आल्यावर त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "पाळी कवा बदलली?"

"नाय बदलली."

"मग?"

"त्याला तुझं समदं कळतं," बन्सीचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "म्या अकरा वर्षं हात झिजवला आन तू म्हनती चोळू नका. दुखत व्हतं तर तवाच कामून नाय बोलली?"

सुरेखा आपल्या तळहातांकडं बघत राहिली.

"तुमचा एकच हात लागत व्हता मला," ती म्हणाली. "बाकी कुनाचा लागत नव्हता. टोकलं असतं आन त्यो बी थांबला असता तर?"

बन्सी उठला. मोरीत जाऊन त्यानं हात धुतले. बराच वेळ धुतले.

सोमवारी नऊला दोघं दवाखान्यात हजर. धम्मपाल बाकड्यावरून अर्धा उठला.

"या ताई! मला वाटलं, तुम्ही बऱ्या झाल्या. खूश झालो. थोडा जळलो बी."

"कुठलं बरं होतंय! तुमाला सोडून कुठं जाती मी," असं म्हणून सुरेखा हसत आत गेली. बाकड्यावर दोन पुरुष उरले. मधली जागा रिकामी. बन्सीनं घसा साफ केला. मान खाली घालूनच विचारलं,

"भाऊ, ते टेकवायचं म्हन्जे नेमकं कसं?"

धम्मपालनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग मनगटाचं बटण काढलं, बाही वर सारली, पाण्याच्या बाटलीनं कोपर ओलं केलं आणि पिशवीतली मलमाची डबी पुढं केली. "लावून बघा."

बन्सीनं लावलं.

"हळू, हळू! ताई सांगतात तो तुमचा कारखान्यातला नळ नाही हा. बाळाला तीट लावतो ना, तसं. हां. बराबर."

"आन पाठीला कोण लावतं तुमच्या?"

"उलथनं."

"क्काय?"

"लाकडी उलथनं. त्याला फडकं बांधायचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मधला वीतभर पट्टा राहूनच जातो." धम्मपाल बाही खाली करत हसला. "खरं सांगू बन्सीभाऊ? ताईंना स्कूटरवर मागं बसवून तुम्ही निघायचे ना, तवा मी त्या फाटकाकडं बघायचोच नाही. लई हेवा वाटायचा."

बन्सी डबी उचलून उभा राहिला.

"चला आत. शर्ट काढा."

पुरुषांच्या खोलीत पडद्याआड धम्मपाल पाठ करून बसला. दोन खांद्यांच्या मधे तो पट्टा होता, वाळलेला, चिरलेला. बन्सीनं रुमाल भिजवून पाठ ओली केली. मलम घेतलं. वरून खाली बोटं नुसती टेकवत गेला. धम्मपालचे खांदे एकदम ताठ झाले.

"दुखलं का भाऊ?"

"नाही," धम्मपाल भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला. "थांबू नका."

तर मायबाप हो, मागणं एवढंच. उद्या अंघोळीला बसाल, पाठीला साबण लावायला घरातल्या कुणाला तरी हाक माराल. हाक मारण्याआधी एकदा धम्मपालची आठवण काढा.