दहा मिनिटं पुढचं घड्याळ

"येतोयस की उचलून नेऊ?" नितेश पंपरूमच्या दारातून ओरडला.

शिवदास परब स्वच्छ मोटार पुन्हा एकदा पुसत होता. "पाचला पाणी सोडायचंय रे."

"आत्ता चार वाजतायत! आणि हॉल काय चंद्रावर आहे? दोन गल्ल्या सोडून तर आहे. ऐक, चंपाने खास सांगितलंय. काहीही कर, पण परबला आणच, मला त्याच्याशी बोलायचंय."

झालं! शिवदासने फडकं खाली ठेवलं. सातवीच्या बॅचचं हे पाचवं गेट-टुगेदर. आधीच्या चारही वेळा त्याने सटकून दाखवलं होतं. कधी ताप, कधी गावची पूजा, एकदा तर जिवंत मावशीला आजारी पाडलं होतं. पण बाकावरचा जोडीदार स्वतःची रिक्षा दारात लावून उभा राहिला, की माणूस पळणार तरी कुठे? बेचाळीस वर्षं चुकवलेलं आज समोर येणार, हे त्याला कळून चुकलं.

बेचाळीस वर्षांपूर्वी, इथेच विक्रोळीत, त्यांच्या शाळेत स्कॉलरशिपची परीक्षा होती. शिपाई गावी गेलेला. परीक्षेला बसवावं एवढे मार्क शिवदासला नव्हते, म्हणून हेडसरांनी घंटेचा दांडा त्याच्या हातात दिला. काय मिजास होती त्या दिवशी पठ्ठ्याची! ऑफिसातल्या घड्याळावर नजर रोखून त्याने एकच्या ठोक्याला शेवटची घंटा दिली. आता ते घड्याळ कसलं, तर तुमच्याआमच्या घरात असतं तसलं, दहा मिनिटं पुढे लावलेलं, पोरांनी वेळेवर यावं म्हणून. रोजची शाळा त्याच्यावरच चालायची, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण बाहेरून आलेल्या बाईंनी पेपर वाटले ते स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाने. वाटून त्या चहाला गेल्या, आणि घंटा ऐकल्याबरोबर वर्गावरच्या सरांनी सवयीने, दहा मिनिटं आधीच, भराभरा पेपर गोळा केले.

दुसऱ्या दिवशी चंपा साळवेचे वडील शाळेत येऊन भांडून गेले. लगेच प्रार्थनेला हेडसरांनी सगळ्या शाळेसमोर शिवदासच्या दोन सणसणीत कानाखाली दिल्या. पुढे निकाल लागला. शाळेची एकुलती एक आशा, चंपा, तीन मार्कांनी हुकली होती.

तेव्हापासून शिवदासने कुठलंही घड्याळ पुढे लावू दिलं नाही. बायकोने स्वयंपाकघरातलं पुढे केलं, तर हा स्टुलावर चढून मागे करायचा. सोसायटीच्या पंपावर बावीस वर्षं झाली, पण पाच म्हणजे पाच. तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनीबाई नळाला पाणी आलं की चहाचं आधण ठेवत, घड्याळ बघायच्या भानगडीत पडत नसत.

हॉलमध्ये नुसता कल्ला चालला होता. जुन्या ओळखी काढण्यातच पाऊण तास गेला. मग गर्दीतून वाट काढत पिकल्या केसांची, चष्मा लावलेली चंपा थेट त्याच्याकडे आली. घाटकोपरच्या हॉस्पिटलात ती सिस्टर होती, हे नितेशने वाटेत सांगितलंच होतं.

"परब, बस इकडे."

"चंपा, त्या दिवशी माझ्यामुळे तुझं..."

"गप रे. आधी मला बोलू दे, नाहीतर परत राहून जाईल." तिने खुर्ची जवळ ओढली. "तू घंटा दिलीस ना, तेव्हा मी पेपरच्या कोपऱ्यात फूल काढत होते."

"काय?"

"जास्वंदीचं. शेवटची सात गणितं मला येतच नव्हती रे! अर्धा तास नुसती बसून होते. दहा मिनिटं काय, अख्खा दिवस दिला असता ना, तरी काही लिहिलं नसतं."

"मग तुझे बाबा कशाला भांडले?"

"ओव्हरटाइम करून त्यांनी माझ्यासाठी गाइडं आणली होती. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, मला येत नव्हतं म्हणून? म्हटलं, घंटा लवकर झाली. ते शाळेत जातील असं वाटलंच नव्हतं. तुला मारलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होते, पण तोंड उघडलं नाही." तिने चष्मा काढून हातात घेतला. "गेल्या वर्षी बाबा गेले. शेवटपर्यंत ज्याला त्याला सांगायचे, घंटेने घात केला माझ्या पोरीचा. ते होते तोवर धीरच झाला नाही. माफ कर रे मला."

शिवदासला वाटलं, आपण चिडायला हवं. दोन थपडा आणि बेचाळीस वर्षं, थोडं झालं का हे? पण राग काही केल्या येईना. उलट इतकं हलकं वाटलं, की त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"जास्वंदीचं फूल!" तो म्हणाला, आणि हसायलाच लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं. "आणि मी येडा, बायकोशी घड्याळावरून भांडत बसलो."

"हसतोस काय? शिव्या तरी घाल!"

"जाऊ दे गं. तुझ्या बाबांना शेवटपर्यंत पोरगी हुशारच वाटली ना? मग फुकट नाही गेली माझी घंटा."

चंपा रुमालाने चष्म्याची काच पुसत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. नलिनीबाई होत्या.

"शिवदास, पाणी आलं नाही हो अजून. तुम्ही बरे आहात ना?"

त्याने मनगटाकडे पाहिलं. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"बरा आहे बाई, एकदम बरा आहे. सोडतो दहा मिनिटांत."

तो उठायला लागला, तर चंपाने बटाटेवड्याची डिश पुढे सरकवली. "आधी खा. मग जा."

शिवदास परत खाली बसला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि चटणीत बुडवून वड्याचा पहिला घास घेतला.