सहावा चौकोन

शाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत, कारण ती मुलांची मनं मोजायची. एका कागदावर वीस शब्द असत. आनंद, भीती, उत्साह, लाज, धीर, चीड असे. प्रत्येक शब्दापुढे पाच चौकोन, पहिला 'अजिबात नाही' आणि पाचवा 'खूपच जास्त'. गेल्या दोन आठवड्यांत काय काय वाटलं ते आठवायचं आणि चौकोनात खूण करायची. चांगल्या दहा शब्दांची बेरीज वेगळी, वाईट दहांची वेगळी. मोठ्या बाई या सगळ्याला 'थर्मामीटरचा खेळ' म्हणत आणि वर पाठवायचा अहवाल मात्र वेळेवर मागत. मोजणीबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मोजून ताप उतरत नाही हे तिलाही कळत होतं, पण कोणाला ताप आहे ते तरी कळावं की नाही?

दर वेळी सुरुवातीला ती एकच वाक्य बोलायची. "हा कागद फक्त मी बघणार. आई नाही, बाबा नाहीत, मोठ्या बाईसुद्धा नाहीत." कागदावर नाव नसे, नुसता नंबर. मुलं तिच्यावर विश्वास ठेवत. पोरं ती, त्यांनी दुसरं काय करायचं?

चौथीच्या वर्गात सत्तावीस नंबरची मुलगी भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालून येई. त्या दिवशी तिनं हात वर केला. "बाई, पाचव्याच्या पुढे चौकोन नाही का?"

वर्ग हसला. "पाचच असतात गं," मोजणीबाई म्हणाली.

नंतर बाकांमधून फिरताना तिला दिसलं. 'भीती'पुढे पोरीनं पेन्सिलनं सहावा चौकोन काढला होता आणि त्यात खूण केली होती. हिला उद्या सकाळी एकटीला बोलवायचं, असं मोजणीबाईनं ठरवलं. आत्ता मात्र ती पुढच्या बाकाकडे वळली.

मुलांनी आपापला कागद आपल्या नंबरच्या पाकिटात घालून दिला. पालकांसाठीही असाच एक कागद असे, तेच वीस शब्द, 'तुमच्या पाल्याला काय वाटतं' असं विचारणारा. तो कोरा कागद नंबर घातलेल्या पाकिटातून घरी जायचा. मुलांचे कागद एरवी पिवळे आणि पाकिटंही पिवळी, पालकांचं सगळं पांढरं. या वेळी पिवळं सामान संपलं होतं, म्हणून सगळंच पांढरं. टेबलावर चौतीस-चौतीस पाकिटांचे दोन गठ्ठे होते. शेवटची घंटा व्हायच्या आत मोठ्या बाईंचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं घाईत एक गठ्ठा उचलून वर्गशिक्षिकेच्या हातात दिला. "एवढा वाटून टाका."

शाळा सुटून पाऊण तासानं ती बेरजेला बसली. पहिलं पाकीट कोरं. दुसरं कोरं. तिसरं तिनं उघडलंच नाही, सरळ सत्तावीस नंबरचं फाडलं. तेही कोरं. मुलांनी भरलेला गठ्ठा घरोघरी गेला होता.

तिनं पोरीच्या घरी फोन लावला. बापानं उचलला. तो फरशी बसवायचा. गावात त्याच्यासारखा कारागीर नाही असं म्हणत, एक सांधा इकडचा तिकडे होत नसे. आवाज अगदी शांत होता. "हो मॅडम, तेच भरतोय आम्ही. पोरगी समोरच बसलीये."

ती धावत सुटली. चार गल्ल्या, तीन जिने. दाराबाहेर पोचली तेव्हा आतून तोच आवाज येत होता, शब्द वाचून दाखवणारा.

"उत्साह. किती?"

"पाच."

"मग चारवर खूण का केलीस?" आणि फटका. मांसावर धातू बसल्याचा आवाज तिनं आजवर कधी ऐकला नव्हता, तरी तिला तो ओळखू आला.

तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. बापानं उघडलं. शर्ट नीट खोचलेला, हातात फरशीची पातळी बघायची ॲल्युमिनियमची लांब पट्टी. "या मॅडम. चपला तेवढ्या बाहेर काढा, फरशी नवीन आहे."

आणि तिनं चपला काढल्या. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटत राहिली.

पोरगी स्टुलापुढे मांडी घालून बसली होती, स्टुलावर बापानं पट्टीनं आखलेला तसाच नवा कागद. सदरा पाठीवर फाटला होता आणि आत बोटाएवढे जाड वळ उठले होते, दोन फुटून वाहत होते. नाकातून रक्त ठिबकत होतं. कागद खराब होऊ नये म्हणून ती दर थेंबाला बाही लावत होती. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी. ओठ उभा फाटलेला, हनुवटीपर्यंत रक्त.

बापानं जुना कागद मोजणीबाईच्या नाकासमोर धरला. "हा सहावा चौकोन तुम्ही छापलेला नाही. हिनं काढलाय, आणि तोही वाकडा. फरशीवाल्याची पोरगी ना ही?" त्यानं कागदाचे चार तुकडे केले. "घराबद्दल खोटंनाटं लिहिते. मी दुरुस्त करून घेतोय. झालंच आहे, दहा मिनिटं बसा."

"मी तिला घेऊन चाललेय," ती म्हणाली. "पोलिसांना कळवलंय." कळवलं नव्हतं, आणि ते त्यानं तिच्या तोंडावर वाचलं.

पहिला तडाखा मनगटावर बसला आणि हाड काटकीसारखं मोडलं. दुसरा कानावर. ती त्या गुळगुळीत फरशीवर आडवी झाली. कानात नुसती शिट्टी वाजत होती. त्यानं पट्टी कडेवर धरून वर उचलली, तेव्हा आपण आता मरणार हे तिला स्पष्ट कळलं.

पट्टी खाली आलीच नाही. पोरीच्या आईनं त्याच्याच पिशवीतून फरशी ठोकायचा रबरी हातोडा काढला होता. पहिला घाव मानेवर. तो वळला, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. दुसरा घाव तोंडावर बसला आणि दात फरशीवर उडाले. तिसऱ्याला तो गुडघ्यावर आला, चौथ्याला डोळा फुटला. पोरीची आई कपडे धोपटावे तशी, दमानं, एकाच लयीत मारत होती.

"ताई, बास," मोजणीबाई ओरडत होती. "ताई, पडलाय तो, बास करा."

या सगळ्यात पोरीनं मान वर केली नव्हती. थांब असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं 'लाज'पुढे पहिल्या चौकोनात खूण केली, पेन्सिल शेवटच्या ओळीवर नेली आणि मग अडली.

"बाबा," ती म्हणाली, "धीरला किती?"

बाप जगला. एक डोळा गेला, जबडा तारेनं बांधला. घाव मोजले तेव्हा सतरा निघाले. पहिले चार जीव वाचवायला होते हे सगळ्यांना मान्य होतं, पुढच्या तेरांचं काय, असं पोलीससाहेब विचारत होते. आईला आत टाकलं आणि जामीन दोनदा नाकारला. बापावरही गुन्हा दाखल झाला, पण तो दवाखान्यात पलंगावर होता. पोरगी मावशीकडे गेली. मोजणीबाईनं प्लॅस्टरमधल्या हातानं जबाब दिला. पाकिटांची चूक माझी, असं तिनं आपणहून सांगितलं. त्याला कुठलं कलम लागत नव्हतं, म्हणून ते कोणी लिहूनही घेतलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी आली. पिवळे कागद आणि पाकिटं या वेळी तिनं पदरच्या पैशांनी आणली. वर्ग संपल्यावर दार लावून घेतलं आणि सत्तावीस नंबरचं पाकीट सगळ्यात आधी उघडलं.

आनंद पाच. उत्साह पाच. भीती एक, चीड एक, लाज एक. खुणा ठसठशीत, सरळ. चांगल्यांची बेरीज पंचेचाळीस, वाईटांची दहा. वर्गातलं सगळ्यात सुखी मूल. नियमाप्रमाणे हा कागद 'काळजी नको'च्या ढिगात जायचा. फक्त एक ओळ कोरी होती, धीरची. हाच कागद मोजणीबाईनं त्या दिवशी स्टुलावर पाहिला होता.

तिनं पोरीला बोलावून जवळ बसवलं. "अगं, यात आपल्याला खरं वाटतं ते लिहायचं असतं. चुकीचं उत्तर नसतंच."

पोरीनं मान डोलावली. लहान मुलाची समजूत काढावी तशी ती मोजणीबाईकडे बघत होती.

"धीरचं तेवढं बाबांनी सांगितलं नव्हतं, बाई. ते तुम्ही सांगा, मी भरते." तिनं खिशातून पेन्सिल काढली. "मग हा कागद पोलिसांना दाखवाल ना? या वेळी मी जास्तीचा चौकोन नाही काढला. आता आईला सोडतील."