वरचा थर बेरींचा

नळीवरचा चिमटा पितळेचा होता की नुसत्याच पिवळ्या पडलेल्या लोखंडाचा, हे हेल्काला इतक्या वर्षांत कधी बघावंसं वाटलं नव्हतं. आज मात्र ती त्याच्यावरून नजर काढत नव्हती, कारण जरा बाजूला बघितलं असतं तर टेबलाशी बसलेली तूली दिसली असती. रबरी नळी भांड्यातून बाहेर लोंबत होती, तोंड चिमट्यानं आवळलेलं, आणि आत अजून काही उतरलेलं नव्हतं. सगळ्यांत खाली पाणी खदखदत होतं, त्याच्यावर रस साठायचं भांडं, आणि सगळ्यांत वर, झाकणाखाली, भोकाभोकांची चाळण. या तीनमजली भांड्याला इकडे सगळे माइया म्हणतात, जणू घरात कामाला ठेवलेली बाईच. ऑगस्ट लागला की गावातल्या झाडून सगळ्या स्वयंपाकघरांत एकेक माइया फुरफुरायला लागते, खिडक्यांच्या काचांना घाम फुटतो, आणि वर्षभराचं सरबत बाटल्यांत जाऊन बसतं. चाळणीत चार किलो ब्लॅककरंट होते, बागेतल्या काळ्या आंबट बेरी. चार किलो ब्लॅककरंट आणि... नाही. चार किलो ब्लॅककरंट, बस्स.

तूली दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. ऑगस्टात लोकरीचे मोजे, बापाचा स्वेटर, वरून पांघरूण — आणि एवढं सगळं घालूनही त्यात कुणी आहे की नाही अशी शंका यावी. सोळा वर्षांची पोर. ईस्टरनंतर तिनं आधी लोणी सोडलं, मग पाव, मग टेबलाशी येणंच सोडलं, आणि ते सोडण्याआधीचे सहा आठवडे ती खोटं बोलत होती. शाळेत जेवले. मैत्रिणीकडे जेवले. आत्ताच खाल्लं की, बघितलं नाहीस का? हेल्काला बाहीत दडवलेले बटाटे सापडले होते, कपाटामागे दह्याचे भरलेले डबे सापडले होते, आणि तेव्हा तिला भुकेपेक्षाही त्या खोटेपणाचा राग आला होता, तो अजून गेलेला नव्हता. माझ्या पोटची पोर माझ्याकडे बघून इतकं सरळ खोटं बोलते, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि काल संध्याकाळी हीच तूली आपण होऊन बागेत आली. हेल्का पावसाचा कोट घालून झुडपांशी वाकली होती, बादली निम्मी भरली होती. तूली शेजारी उभी राहून थोड्या बेरी खुडू लागली, आणि मग बेरींकडेच बघत म्हणाली, "याचं सरबत केलंस तर मी पिईन. पण साखर नको. एक कणही नको. मी समोर बसून बघणार."

पिईन. चार महिन्यांत या पोरीनं एकदाही काही मागितलं नव्हतं. हेल्का हो म्हणाली, अगदी सहज, जणू रोजचंच आहे असं म्हणाली, आणि मग बादली उचलून सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, खोपटामागे जाऊन ढसाढसा रडली.

उद्या शुक्रवार. उद्या आरोग्यकेंद्रात काटा. मिएलिक्की नर्सनं मागच्याच आठवड्यात आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की, वजन आणखी खाली गेलं तर शहरातल्या वॉर्डात पाठवावं लागेल, मग आईनं कितीही हातापाया पडून उपयोग नाही. आणि त्याच बाईनं, तूली बाहेर कोट घालत असताना, हेल्काचा दंड धरून हेही सांगितलं होतं, "एक लक्षात ठेवा हेल्काबाई, तिला फसवू नका. दुधात साय नको, सूपात लोणी नको. या घरात ती अजून एकाच माणसावर विश्वास ठेवते. तो गेला की माझ्याकडेही औषध नाही."

तो माणूस म्हणजे मी.

पहाटे पाचला हेल्का उठली होती. बेरी रात्रीच निवडून ठेवलेल्या, बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या, चाळण भरली की काम संपणार होतं. तिनं पहिला थर घातला. बेरींचा. आणि मग... वीस वर्षं हेच करत आलेय मी, एक थर बेरींचा, एक थर साखरेचा, परत बेरी, परत साखर, आणि शेवटचा वरचा थर मात्र नेहमी बेरींचा, म्हणजे साखर झाकणाशी गोळा होऊन बसत नाही. सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. हाताला सवय असते. हात आपला आपण पाकिटाकडे गेला, पहिल्या थरावर पांढरं पसरलं तेव्हाच कळलं, आता काय ते वेचून काढणार — असं ती तीन तास स्वतःला सांगत होती. पण सवयीचा हात रिकामं पाकीट घडी घालून चुलीत सारत नाही. कागदाला चिकटलेले कण करपून गोड वास सुटल्यावर सवयीचा हात धावत जाऊन खिडकी उघडत नाही. आणि दुसरं, न फोडलेलं पाकीट फळीवरून काढून टेबलाच्या मधोमध, तूलीला आल्याआल्या दिसेल असं, ठेवत नाही.

मी केलं. मीच केलं, शुद्धीवर असताना.

ते पाकीट आता तूलीच्या समोर होतं. खाली आल्यावर तिनं ते उचलून त्याच्या तोंडाची चिकटपट्टी बोटानं चाचपून बघितली होती, आणि परत ठेवलं होतं. मग ती चुलीपाशी आली. "झाकण काढ," म्हणाली. हेल्कानं झाकण काढलं. वर सगळ्या बेरी, काळ्याभोर, वाफेनं नुकत्याच तडकायला लागलेल्या. तूली क्षणभर वाकून बघत राहिली. तिच्या मानेचे मणके स्वेटरच्या गळ्यातून वर आले होते... आणि हेल्काच्या मनात आलं, आत्ता हिनं चमचा मागितला आणि वरचा थर जरा बाजूला सारला तर? पण तूलीनं चमचा मागितला नाही. मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. विश्वास ठेवला. तो विश्वास बघताना हेल्काला स्वतःची इतकी किळस आली की झाकण परत बसवताना बोट भाजलं तेही तिला जरा उशिराच कळलं.

आणि कशासाठी? एका ग्लासात अशी किती साखर जाणार होती? तेवढ्या साखरेनं उद्याचा काटा केसभरही हलणार नव्हता; हे न कळण्याइतकी हेल्का खुळी नव्हती. हिशोब कुठल्याच बाजूनं बसत नव्हता. पण चार महिने ज्या हातांना त्या पोरीच्या पोटात काही घालता आलं नव्हतं, त्या हातांना साधं पाणी न् आंबट रस पुढे करून गप्प बसवेना. पोरगी डोळ्यांदेखत विझत चालली असताना आईनं नियम पाळायचे, शहाण्यासारखं वागायचं, तिनं सांगितलं तेवढंच करायचं — ज्याला जमतं त्यानं करावं.

साडेआठला नवऱ्याचा, योर्माचा, फोन आला. तो लाकडाचा ट्रक घेऊन सरहद्दीकडे गेलेला, शनिवारशिवाय येणार नव्हता. पोरगी उठली का, काही घेतलं का, पाऊस आहे का, असं नेहमीचं विचारून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "सरबत बिनसाखरेचंच कर हं. तू शब्द दिलायस." हेल्का हो म्हणाली. मग तो म्हणाला की त्याला वाटेत सारखी तूली पाच वर्षांची असतानाची आठवण येते, बोटीत बसून ती सरबताची अख्खी बाटली एकटी प्यायली होती आणि जांभळ्या जिभेनं सगळ्यांना वेडावत होती. हेल्कानं फोन लवकर ठेवला. योर्मानं कधी काही विचारलं नाही, पण तिला वाटायचं त्याला ते वाक्य माहीत आहे.

ते वाक्य. गेल्या वर्षी, उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या दिवशी, सॉनात, तिघी बायका बाकावर बसलेल्या: सासू, हेल्का आणि तूली. तूलीनं गरम दगडांवर पाणी ओतायला हात वर केला आणि हेल्का हसून म्हणाली, आमच्या घराण्यातल्या कमरा बघा, वेळेच्या आधीच रुंदावतात. एवढंच. सासू हसली, तूलीही हसली, पाणी चर्रकन उडालं. डॉक्टर म्हणाले होते, असं एका वाक्यानं कुणी आजारी पडत नसतं. म्हणू देत. डॉक्टर त्या बाकावर नव्हते. त्यांनी तूलीचा हात खाली येताना बघितला नव्हता, टॉवेल कसा हळूच पोटावर ओढून घेतला तेही बघितलं नव्हतं, आणि मीही तेव्हा बघितलं कुठे... की नंतर मनानंच तो टॉवेल तिच्या हातात दिला? आता सांगता येत नाही. वर्षभर इतक्या वेळा त्या सॉनात जाऊन बसलेय की खरं काय झालं ते पार पुसून गेलं.

तासाभरानं चिमटा सोडायची वेळ झाली. पहिला रस काढून परत बेरींवर ओतायचा असतो, म्हणजे सगळा रस सारखा उतरतो. हेल्कानं भांडं खाली धरलं, चिमटा दाबला, आणि काळपट लाल धार सुटली. भरलेलं भांडं उचलून वर नेताना थोडं हिंदकळलं, पण तिचं लक्ष तूलीकडे होतं, कारण तूली उठली होती.

"आता देशील?" तूली म्हणाली.

अजून पुरता झाला नव्हता, अर्धा तास तरी हवा होता. पण हेल्का थांब म्हणाली नाही. थांब म्हटल्यावर ही परत वर निघून जाईल या भीतीनं तिनं दुसरी धार सरळ काचेच्या ग्लासात घेतली, नळाचं गार पाणी घातलं, ढवळलं. तूली टेबलाला वळसा घालून चुलीकडे आली आणि मधेच अडखळली. तिचा मोजा जमिनीला चिकटला होता.

तिनं पाय उचलला. लोकर लाकडी फळीपासून सुटताना बारीकसा आवाज झाला. तिनं पाय परत टेकवला, परत उचलला. जमिनीवर रसाचे चार-पाच थेंब पडले होते, चुलीच्या धगीनं सुकत आलेले. बिनसाखरेचा रस सांडला तर डाग पडतो, चिकटत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तूलीनं लहानपणी याच जमिनीवर कितीदा मोजे चिकटवून घेऊन ओरडा खाल्ला होता.

हेल्का ग्लास धरून उभी. आता ओरडेल. आता ग्लास भिरकावेल, दार आपटेल, आणि ते दार पुन्हा म्हणून उघडायचं नाही. तूलीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता, आणि आणखी काहीतरी, जे हेल्काला लगेच ओळखता आलं नाही.

"सांडलंय खाली," तूली म्हणाली. "नंतर पुसून घे."

आणि तिनं ग्लास घेतला. दोन्ही हातांत धरून, औषध घ्यावं तशी, डोळे आईवरून न काढता ती एक घोट प्यायली. मग आणखी एक. गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं.

"यंदा बेरी गोड आल्यात," ती म्हणाली.

जूनपासून ऊन असं पडलंच नव्हतं. अख्खा उन्हाळा पाण्यात गेला होता, बटाटे कुजले होते, आणि कालच बागेत एक बेरी चावून हेल्काचं तोंड आंबून वाकडं झालेलं तूलीनं शेजारून बघितलं होतं.

"हो," हेल्का म्हणाली. "ऊन मिळालं ना त्यांना."

किती सरळ आलं ते. आवाज कापला नाही, पापणीही लवली नाही. आणि त्याच क्षणी तिला समजलं की शाळेत जेवले, मैत्रिणीकडे जेवले, ते असंच आलं असणार: समोरच्याला फसवायचं म्हणून नव्हे, त्याच्या डोळ्यांतली भीती बघवत नाही म्हणून. सहा आठवडे ही पोर अशी उभी होती, माझ्यासमोर, तोंडात हे घेऊन... आणि मी बटाटे मोजत होते. आता ती आणखी एक खोटं बोलली होती, आईला आधार म्हणून, लहान मुलाला बोट द्यावं तसं. आणि आईनं ते मुकाट्यानं धरलं होतं.

तूली तिसरा घोट घेत होती. तो तिला जात नव्हता, हे दिसत होतं. जबडा आवळला होता, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं, तरी ती पीत होती — स्वतःसाठी नाही, उद्याच्या काट्यासाठी नाही, समोर उभ्या असलेल्या, घाबरलेल्या बाईसाठी. मागे माइया फुरफुरत होती, खालचं पाणी आटत आलं असणार, बघायला हवं होतं. ग्लास अर्धा झाला. याच ग्लासासाठी हेल्का चार महिने देवाकडे नाक घासत होती; आणि आता पहिल्यांदाच तिला वाटत होतं की पोरीनं तो खाली ठेवावा. ठेव, पुरे, नको पिऊस माझ्यासाठी, साखर आहे त्यात, मी घातलीय. एवढं म्हणायचं होतं. म्हटलं तर उरलेला अर्धा ग्लास तसाच राहणार होता. तूलीनं श्वास घेतला, ग्लास परत ओठाला लावला, आणि हेल्का बघत राहिली.