राणी जाते ती पानं

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक आम्ही एकाच विषयावर भांडत काढली. सात खंडांची एक कादंबरी आहे. तिच्यात ड्रॅगन आहे, बोलणारं जंगल आहे, एक राजा आहे, एक राणी आहे. तिच्यावरून तीन सिनेमे निघाले. बायकोचं म्हणणं, सिनेमावाल्यांनी पुस्तकाची माती केली. माझं म्हणणं, सिनेमावाल्यांनी पुस्तकावर उपकार केले, कारण सात खंड माणूस वाचणार कधी आणि झोपून वाचताना छातीवर पेलणार कसे.

इतर जोडप्यांना भांडायला मुलांचे मार्क असतात, सासू असते, निदान एखादं कुत्रं तरी असतं. आम्हाला ड्रॅगन होता.

वाद इतका मुरला की लोक तो ऐकायला आम्हाला जेवायला बोलावू लागले. यात आघाडीवर माझा कॉलेजातला मित्र, दंतवैद्य. जेवणं होऊन ताटं उचलली गेली की तो खुर्ची मागे सरकवायचा आणि म्हणायचा, "हं वहिनी, होऊन जाऊ दे."

मग बायको सुरू करायची. थेट सातव्या खंडापासून, म्हणजे राणी किल्ला सोडून जाते तिथून. सिनेमात हा प्रसंग असा आहे: धो धो पाऊस, राणी घोड्यावर, राजा चिखलातून अनवाणी पळत येतो आणि ओरडतो, "तुझ्यावाचून हा किल्ला म्हणजे नुसते दगड!" राणी घोड्यावरून उतरते. व्हायोलिनं. थिएटरात लोक रुमाल काढतात. मीही काढला होता.

"पुस्तकात असलं काही नाही," बायको म्हणायची. "पुस्तकात चाळीस पानं राणी फक्त आवरते. किल्ल्यातल्या सगळ्या चाव्या ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावते. राजाला मीठ किती लागतं ते स्वयंपाक्याला सांगते. एका खिडकीची कडी सैल असते, ती वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत कागदाची घडी खोचते. पलंगाच्या कडेला बसते. आपल्याला वाटतं, आता रडणार. तर ती बुटाची नाडी बांधते. आणि जाते."

"आणि राजा?" दंतवैद्याची बायको दर वेळी विचारायची. उत्तर तिला पाठ होतं.

"घरातच असतो ना. त्याला कोण सांगणार?"

यावर हशा ठरलेला. मग माझी पाळी. "चाळीस पानं एक बाई घर आवरतेय. याला तिकीट कोण काढेल?" याही वेळी हशा. दंतवैद्य दोघांना समान गुण द्यायचा आणि आम्ही घरी यायचो. घरी येताना आम्ही बोलत नसू, पण ते दमल्यामुळे असं मी धरून चाललो होतो.

मी पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. पहिला खंड निम्मा, आणि बाकी सगळ्या खंडांची मागची कव्हरं. पुस्तकाविरुद्ध बोलायला पुस्तक वाचावं लागत नाही. या बाबतीत मी एकटा नाही.

यंदा त्याच कादंबरीवर नवी मालिका येणार अशी जाहिरात टीव्हीवर लागली. ड्रॅगन आधीपेक्षा मोठा होता. मी नेहमीप्रमाणे खडा टाकला, "बघ, आता तरी तुझ्या लेखकाला कुणीतरी सुधारून घेतंय."

बायको मोजे जुळवत होती. म्हणाली, "असेल चांगली."

"म्हणजे? पुस्तकापेक्षा?"

"दोन्ही सारखंच आहे रे."

इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो. मी लोकांच्या चष्म्याचे नंबर काढतो. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर जड फ्रेम ठेवायची आणि एकामागून एक काचा धरत विचारायचं, ही बरी की ही? आता पहिली बरी की दुसरी? लोक वैतागतात, वाद घालतात, मघाचीच दाखवा म्हणतात. तोवर काम चालू असतं. शेवटी माणूस सांगतो, "दोन्ही सारखंच दिसतंय." ते ऐकलं की मी काच खाली ठेवतो, कारण तपासणी संपलेली असते. त्यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

ती मोजे घेऊन आत गेली आणि मी जाहिरातीतला ड्रॅगन शेवटपर्यंत पाहिला.

त्याच आठवड्यात तिनं बदलीचं सांगितलं. ती शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही, असा शेरा मिळवणं हा ज्या खात्यात सर्वोच्च सन्मान असतो, तिथे. धरणाजवळ नवं केंद्र सुरू होत होतं. दोन वर्षांसाठी जायचं, राहायला क्वार्टर. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"काय करू?" तिनं विचारलं. हातात बाजाराची पिशवी होती, ती तिनं खाली ठेवली नव्हती.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय."

"मग बघ."

एवढंच. मी मनातल्या मनात चाचपून पाहिलं, काही दुखतंय का. दंतवैद्यानं भूल दिल्यावर गालाला हात लावला तर तो दुसऱ्याच कुणाचा गाल वाटतो, तसं होतं. तोंड माझं होतं, जबडा हलत होता, जेवलोही नीट.

मात्र एक मला समजत होतं. ती भांडत होती तोवर इथे होती. तेव्हा तिला भांडायला लावणं एवढंच माझ्या हातात होतं. सकाळी मी म्हणालो, तुझा लेखक पानांवर पैसे घेत असणार. ती म्हणाली, शक्य आहे. संध्याकाळी मी पक्ष बदलला. म्हणालो, विचार केला तर पुस्तकच श्रेष्ठ. ती म्हणाली, हो का, बरं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिची बाजू घेतली आणि तिनं भाजीत आणखी काही हवंय का असं विचारलं.

म्हणून मी सातवा खंड माझ्या चष्म्याच्या दुकानात नेला. नीट वाचून, पानं दाखवून, चिडवून सोडायचं ठरवलं. राणीच्या आवराआवरीची चाळीस पानं सापडली की त्यातल्या एकेका वाक्याची सालं काढायची.

दुकानात एक निवृत्त मुख्याध्यापक डोळ्यांत थेंब घालून बसले होते. थेंब घातले की अर्धा तास डोळे मिटून बसावं लागतं. मुख्याध्यापकांना बोलल्याशिवाय अर्धा तास काढणं जमत नव्हतं.

"पानांचा आवाज येतोय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "काय वाचताय?"

"कादंबरी. ड्रॅगनची."

"या वयात?"

"बायकोची आहे."

"मग वाचा," ते म्हणाले. "कुठपर्यंत आलात?"

मी शेवटाला आलो होतो. किल्ल्याचा वेढा उठला होता, मेजवानी झाली होती. प्रकरण संपलं. नवं प्रकरण उघडलं. पहिलं वाक्य होतं: सकाळी राणी किल्ल्यात नव्हती. आणि लगेच दुसऱ्या परिच्छेदात ड्रॅगनचं अंडं फुटतं, ते पुढची कितीतरी पानं फुटतच राहतं.

मी मागे गेलो. पानांचे आकडे पाहिले, सलग होते. बांधणी तपासली, एकही पान सुटलेलं नव्हतं. पुढे पार शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. राणीचा पुन्हा उल्लेख नाही. चाव्या नाहीत, खिडकी नाही, मीठ नाही, बुटाची नाडी नाही.

"गप्प का झालात?" मुख्याध्यापक म्हणाले. "ड्रॅगन मेला का?"

"नाही. एक बाई गेली."

"कुठे?"

"ते दिलेलं नाही."

"लेखकाला विसर पडला असेल," ते म्हणाले. "मुलांच्या निबंधातसुद्धा असंच व्हायचं. सुरुवातीला आई असायची, शेवटी नसायची."

त्यांचा नंबर काढला. फारसा बदललेला नव्हता. घरी आलो. दाराजवळ चाव्यांचे खिळे आहेत, त्यांवर चाव्या लावलेल्या होत्या, प्रत्येक आपापल्या जागी. स्वयंपाकघरात खिडकीची कडी सैल आहे आणि फटीत कागदाची घडी खोचलेली आहे. मला मीठ कमी लागतं. ही बाई इतकी वर्षं भर पंगतीत आपण कसं जाणार ते तपशीलवार सांगत होती, लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तिकिटाच्या विक्रीबद्दल काळजी करत होतो.

वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. मग आंघोळीला गेलो.

शनिवारी दंतवैद्याकडे जेवण होतं. ताटं उचलली गेली, खुर्ची मागे सरकली.

"हं वहिनी, होऊन जाऊ दे."

"आज नको," बायको म्हणाली. "कंटाळा आलाय."

"असं कसं? अहो, निदान चाव्या तरी!" दंतवैद्याची बायको म्हणाली. "मी त्यासाठी गोड लवकर वाढलं."

बायकोनं पाण्याचा ग्लास उजेडात धरून पाहिला. ही तिची कामातली सवय आहे, कुणाच्याही घरी धरते. मग सांगायला लागली. चाव्या झाल्या, मीठ झालं, खिडकी झाली, नाडी झाली. लोक हसायच्या तयारीत होते. पण ती तिथे थांबली नाही.

"आणि जाताना ती राजाच्या खोलीच्या दारापाशी येते. दाराखालून उजेड दिसतो. म्हणजे तो जागा असतो. ती थोडा वेळ उभी राहते. मग जाते."

"हे आधी नव्हतं!" दंतवैद्य म्हणाला.

"नवीन आवृत्ती आहे," बायको म्हणाली. सगळे हसले. "चल, तुझं सांग," दंतवैद्य माझ्याकडे वळला. "तिकीट कोण काढेल?"

माझ्याकडे हुकमाचं पान होतं. पुस्तकात यातलं अक्षरही नाही, एवढं म्हटलं की इतक्या वर्षांचा खटला माझ्या बाजूनं निकालात निघत होता.

"मी वाचलं पुस्तक," मी म्हणालो. "सातवा खंड. याच आठवड्यात."

बायकोनं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलक्लॉथवर एक डाग होता, त्याच्याकडे पाहत राहिली.

"अरे वा!" दंतवैद्य पुढे झुकला. "मग? आहेत का चाळीस पानं?"

"चाळीस नाहीत," मी म्हणालो.

"बघा! मी हिला म्हणतच होतो, वहिनी वाढवून सांगतात!"

"जास्त आहेत. पंचेचाळीस तरी असतील. आणि चांगली आहेत."

"हरला!" दंतवैद्य ओरडला आणि टेबलावर थाप मारली. "इतक्या वर्षांनी गडी हरला! अगं, फोटो काढ याचा!"

फोटो काढला गेला. त्यात मी हसतो आहे.

जेवण आटोपून घरी आलो. आमच्या इमारतीचा जिना चढताना, पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. चप्पल सैल झाली असेल असं मला वाटलं.

"एकच ओळ आहे," ती म्हणाली.

"हो. पाहिली मी."

"मग खोटं कशाला बोललास?"

"तू इतकी वर्षं बोललीस. मी एकदा बोललो."

ती कठड्याला टेकली. "मी काल कळवून टाकलंय. जाते म्हणून."

"बरं."

सिनेमातला राजा इथे काय म्हणतो ते मला पाठ आहे. डबिंगवाल्याच्या आवाजासकट पाठ आहे. मी वाक्य मनात जुळवून पाहिलं. आमच्या जिन्यात ते बसत नव्हतं. शिवाय इमारत विटांची आहे.

"कधी निघायचंय?" मी विचारलं.

"बुधवारी. ऑफिसची गाडी येणार आहे."

"मी सोडायला येतो."

"गाडी येणार आहे म्हटलं ना."

"येऊ दे. मी माझी घेऊन मागून येतो."

"आणि दुकान?"

"बंद ठेवतो."

"बुधवारी? लोकांना वेळा देऊन ठेवल्यायस तू."

"पुढच्या देईन."

"काहीतरीच काय! दुकान बंद ठेवून, पेट्रोल जाळून तू माझ्या गाडीच्या मागे धरणापर्यंत येणार. दिसणार काय तुला? गाडीची पाठ!"

"दिसेल की तेवढी."

"आणि तिथे पोचल्यावर?"

"खिडक्यांच्या कड्या बघेन. सरकारी क्वार्टर आहे, सैल असणार."

"त्या मी बघीन. मला येतात बघता."

"माहितेय. पंचेचाळीस पानं वाचलीयत मी."

"फालतूपणा करू नकोस. बुधवारी दुकान उघडायचं, कळलं?"

"नाही उघडणार."

"अरे, पण का? एक कारण सांग, पटेल असं!"

तिचा आवाज चढला होता. कित्येक दिवसांत चढला नव्हता. मी कारण सांगितलं, ते तिनं खोडून काढलं. मी दुसरं सांगितलं, तेही तिनं खोडून काढलं, आणि वर माझ्या गाडीच्या टायरांचा विषय काढला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून कोण भांडतंय ते पाहिलं. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, आवाज जरा खाली आणला आणि टायरांचं पुढे चालू ठेवलं.