वत्सलाबाईंचं शेवटचं वाण

मी एक जुना लाल मग्गा आहे. प्लास्टिकचा. माझ्या कडेला एक पांढरी रेघ आहे आणि दांड्यावर उंदराच्या दाताची खूण आहे. माझ्यासारखे मग्गे तुमच्याही न्हाणीत पडलेले असतील, म्हणून तुम्ही म्हणाल, याचं काय ऐकायचं? पण मित्रांनो, मी साधा मग्गा नाही. मी वाण आहे. आणि हेही आधीच सांगून टाकतो, की पुढे जे घडलं त्यात मी काही चांगल्या मनाने वागलो नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तापलेलं प्लास्टिक साच्यात पडलं, गार झालं आणि मी झालो. तिथून वडवणीच्या आठवडी बाजारात आलो. एकात एक घातलेल्या वीस मग्ग्यांची आमची चळत होती. गावातल्या मोठ्या घरच्या सुंदरबाईंनी ती सगळीच उचलली. संक्रांत जवळ आली होती. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवसांत बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि ओटीत एक वस्तू घालतात. ते वाण. सुंदरबाईंनी मला वत्सलाबाईंच्या ओटीत घातलं.

त्याच साली होळीच्या आधी वत्सलाबाईंचे मालक वारले. त्यानंतर त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. आमच्याकडे तशीच रीत होती. म्हणजे मी त्यांचं शेवटचं वाण ठरलो.

वत्सलाबाईंनी मला न्हाणीत नेलं नाही. देवांच्या शेजारी भिंतीत एक देवळी होती, तिथे ठेवलं. दर संक्रांतीला त्या मला खाली घेत, पदराने पुसत, थोडा वेळ मांडीवर धरून बसत आणि परत वर ठेवत. तेरा वर्षं माझ्यात पाण्याचा एक थेंब पडला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता! खाली घरातली भांडी राखेने घासली जायची, आपटली जायची. मी वरून बघायचो आणि मनात म्हणायचो, तुम्ही कामाचे, मी मानाचा.

मग तो अडुळसा आला.

शेजारची रोहिणी बायकांचा बचत गट चालवते. एका संक्रांतीच्या तोंडावर ती दारात येऊन बसली. वत्सलाबाई परसातल्या डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाखालून करपलेली बारकी डांगरं वेचून आणत होत्या. वेलाला पिवळी फुलं भरपूर यायची, पण बोराएवढं फळ धरायचं आणि गळून पडायचं.

"मावशी, फळ कावून धरत न्हाई, ठावं हाय का?" रोहिणी म्हणाली. "मधाच्या माशाच न्हाईत. त्या फुलावर बसल्याबिगर डांगर व्हत न्हाई."

"मग काय म्या बसू फुलावर?"

"तुमी बसला तर वेलच मोडंल." रोहिणी हसली. "माशांना बारा महिने खायला पायजे. आपल्या दारात हाय काय त्यांच्यासाठी? ज्याच्या त्याच्या घरापुढं रंगीत पानाची कुंडी. तिच्यावर माशी ढुंकून बघत न्हाई. आपल्या मातीतलं झाड आणावं म्हणून बीडला नर्सरीत गेलते. येक तर मिळंना, मिळालं ते परवडंना."

"मग?"

"मग बायकांनीच पावसाळ्यात बांधावरच्या अडुळशाच्या फांद्या दुधाच्या पिशव्यांत लावल्या. औंदा वाणाला मग्गे-वाट्या बंद. त्याच पैशात माती-शेणखत भागलं. घरटी येक झाड. ज्या बाईनं घेतलं, तिनं पुढल्या संक्रांतीला आपल्या झाडाची पाच रोपं दुसऱ्या पाच जणींना द्यायची."

मग्गे बंद. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"चांगलं हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "म्या काय बाई, मला कुठं..."

"तुमी यायचं. सवाष्ण कोण आन कोण न्हाई, झाडाला काय कळतंय?"

वत्सलाबाई गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या पदरात एक दुधाची पिशवी होती आणि पिशवीत चार पानांची एक काडी. चारच पानं! त्यांच्या मागोमाग सुंदरबाई दारापर्यंत आल्या होत्या.

"जगव म्हंजे झालं," सुंदरबाई म्हणाल्या. "मेलं तर बाया म्हणतील, हिच्या हातात वाण द्यायलाच नको व्हतं. मग पुन्ना कोण देतंय तुला?"

वत्सलाबाई आत आल्या, मला देवळीतून उचललं आणि माझ्या जागी ती पिशवी ठेवली. मला समोरच न्हाणीतल्या दगडावर ठेवलं, तिथून देवळी दिसायची.

मित्रांनो, मत्सर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तेरा वर्षांची माझी जागा एका काडीने घेतली. त्या तिला रोज हळदीकुंकू वाहत होत्या. वाण देवापाशीच ठेवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मुलगा आणि सून ऊस तोडायला गेलेले, घरात त्या एकट्याच. झाडाला देवळीत ऊन मिळत नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. मला सांगता येत नव्हतं, आणि येत असतं तरी मी सांगितलं नसतं.

आठ दिवसांत एक पान पिवळं पडलं. मला बरं वाटलं. दुसरं पडलं, मला आणखी बरं वाटलं. वत्सलाबाईंना वाटलं आपलंच काही चुकतंय, म्हणून त्यांनी देवापुढे नारळ फोडला. तिसरं पान गळालं तेव्हा त्या खाली बसल्या आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाल्या, "सुंदरबाई म्हणली तसंच झालं. माझ्या हातालाच येश न्हाई."

हेच हात तेरा वर्षं मला पुसत होते. मला जेवढं बरं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोहिणी आली. तिने अंधाऱ्या देवळीतली पिशवी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"आवं मावशी, देवाला ऊन लागत न्हाई. झाडाला लागतं."

"वाण हाय ते. उकिरड्याच्या कडंला ठिवू का?"

"हा, तिथंच ठिवा. तिथं जगंल."

दोघींनी परसात डांगराच्या वेलाजवळ खड्डा केला. रोहिणीने पिशवी फाडली, तेव्हा वत्सलाबाईंनी डोळे मिटून घेतले. काडी मातीत उभी राहिली. पाणी घालायला रोहिणीने न्हाणीतून हाताला लागलं ते भांडं उचललं. ते भांडं मी होतो.

"आगं तो न्हाई, तो वाणातला हाय!"

"मग्गाच हाय नव्हं? का त्येलाबी कुंकू वाहता?"

तिने मला हौदात बुडवलं. तेरा वर्षांनी माझ्या पोटात पाणी शिरलं. गार, जड. त्या वजनाने माझा दांडा ताणला, आणि मी खरा कशासाठी झालो होतो ते मला त्या क्षणी समजलं. पण मित्रांनो, ते पहिलंवहिलं पाणी ओतलं कुणाच्या मुळाशी, तर माझ्या वैऱ्याच्या.

त्यानंतर मीच त्याला पाणी घालत होतो. उन्हाळ्यात एका मग्ग्यावर तो दोन दिवस काढायचा. शेळी यायची, हुंगायची आणि नाक मुरडून जायची. पावसाळ्यात तो माझ्या कितीतरी पट उंच झाला. वत्सलाबाईंनी त्याच्या सहा फांद्या पिशव्यांत लावल्या. एक कुजली. बरोबर पाच उरल्या. त्या पाचांना त्यांनी एक दिवसही सावलीत ठेवलं नाही.

पौषात अडुळशाला पांढरी फुलं आली. मग मधमाश्या आल्या, काळे भुंगे आले. सकाळभर नुसती गुणगुण. मी तिथेच खाली, त्याच्यापेक्षा कितीतरी लाल. माझ्यावर कुणी बसलं नाही.

संक्रांतीनंतर वत्सलाबाईंनी आपल्या घरी हळदीकुंकू केलं. चार बाया आल्या, चार रोपं गेली. पाचवं तसंच राहिलं. दिवस कलायला आला. वत्सलाबाई मला हातात घेऊन त्या एका रोपाला उगीच थेंब थेंब पाणी घालत होत्या. तेवढ्यात दारात सुंदरबाई उभ्या राहिल्या.

"आसं का बघती? वाण घ्यायला आलेय," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. "ह्यो मग्गा... म्या दिलेला तर न्हाई?"

"तुमीच दिलेला."

"आजून हाय? माझे तर समदे फुटले."

"वापरलाच नव्हता. झाडबी तसंच ठिवलं व्हतं. मरायला लागलं, तवा कळलं."

सुंदरबाईंनी पदर पुढे केला. वत्सलाबाईंनी पाचवं रोप त्यात ठेवलं.

"पुढल्या साली माझ्या घरला ये," सुंदरबाई जाता जाता म्हणाल्या. "आधीच बोलवायला पायजे व्हतं."

"मग्गा देणार का?"

"मग्गे कोण घेतंय आता? झाडच दीन."

वत्सलाबाई कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसल्या. मला मात्र ते बोलणं लागलं. अजून लागतं.

आता उन्हाळा आहे. वत्सलाबाई माझ्यात थोडं पाणी घालतात, चार खडे टाकतात आणि मला अडुळशाखाली ठेवतात. मधमाश्या खड्यांवर बसून पाणी पितात. पाण्यासाठी आता फुलाकडे कुणी जात नाही, सगळ्या माझ्याकडेच येतात. हे मी अडुळशाला रोज ऐकवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी वाण येईल तेव्हा आपल्या मातीतलं एक रोप मागा. ते विकतच घ्यावं लागतं असं नाही; शेजारणीची एक फांदी आणि दुधाची रिकामी पिशवी पुरते. आणि मिळालं की त्याला उन्हात लावा. नुसत्या मानाने झाड जगत नाही, आणि मग्गाही.

काल यंदाच्या वेलावरचं पहिलं मोठं डांगर उतरवलं. वत्सलाबाईंनी ते पुसलं, कुंकू लावलं आणि माझ्या जुन्या देवळीत ठेवलं. मी त्याच्यावरही जळतो आहे. पण डांगर चिरून, शिजवून चार घरी वाटायचं असतं. ते नासायच्या आत तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन त्यांना एवढं सांगा.