जावईबापूंची हवा

अमोलने बारा वर्षांपूर्वी एकदाच, तेही अर्ध्या तोंडाने, "हाव", म्हणजे "हो", म्हटलं होतं. त्या एका "हाव"ने त्याचं मानगूट जे धरलं, ते आजतागायत सोडलं नव्हतं.

झालं होतं असं, की नागपूरच्या लकडगंजात लाकूड कापायची आरामशीन चालवणाऱ्या भैयाजींकडे तो मुलगी पाहायला गेला होता. भिवापूरच्या मिरची पिकवणाऱ्या घरातला पोरगा, बी.कॉम. झालेला, आणि जैसलमेरच्या बाजूला पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत आठ महिने नोकरी करून आलेला. नोकरी म्हणजे काय, तर पत्र्याच्या गोदामात बसून नट-बोल्ट मोजून द्यायचे. वाळवंट त्याने पाहिलं ते गोदामाच्या खिडकीतून. पण मध्यस्थाने भर बैठकीत पुडी सोडली, "पोरगा वाळवंटात जीप पळवते बरं का!" भैयाजींनी डोळे मोठे करून विचारलं, "खरंच?" समोर मिनल पोह्यांची बशी घेऊन उभी होती आणि अमोलला ती फार आवडली होती. तो म्हणाला, "हाव, कधीमधी."

लग्न झालं. सासुरवाडीत जावयाचा पाट आधीच चार बोटं उंच, त्यात ही जीप. मिनलला त्याने आठवडाभरातच खरं सांगून टाकलं, तर ती म्हणाली, "असू द्या ना. बाबाले किती आनंद होते." तिचा भाऊ पियुष तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि तो जीजाजींना सोडेचना. अमोलने कंपनीच्या ड्रायव्हरांकडून ऐकलेले किस्से आपल्या नावावर खपवले. एका किश्श्यात तर रुतलेली जीप उंट ओढून काढतो. हा भैयाजींचा लाडका. दर दिवाळीला तो सांगावा लागे, आणि दर दिवाळीला उंट थोडा मोठा होई.

आता पियुष सव्वीसचा झाला होता. नोकरी लागली, सोनिकाशी सोयरीक जुळली, आणि पठ्ठ्याने एक जुनी फोर-बाय-फोर जीप विकत घेतली. घेतली ती थेट सक्करदऱ्याला अमोलच्या दारात आणून उभी केली.

"जीजाजी, जानेवारीत जैसलमेर. तुम्ही नं मी. बारा वर्षं झाली ऐकून राहिलो, आता दाखवा."

ऑफिसात सुटी नाही, कंबर धरते, मिनल एकटी पडेल, अशी जेवढी कारणं सुचली तेवढी अमोलने पुढे केली. भैयाजींनी एकेक खोडून काढलं. त्यांची अट एकच होती. "पोरगा एकुलता आहे, जावईबापू. तुमच्यासंग जाऊन राहिला म्हणून हाव म्हणतो. पण वाळूत गाडी चालवायचं त्याले शिकवा. तुम्ही म्हणसान पोरगा तयार आहे, तवाच गाडी गल्लीच्या बाहेर निघन."

मग दर रविवारी आरामशीनच्या आवारात तयारी सुरू झाली. आणि दर रविवारी अमोलला तिथे खुर्चीवर बसवून चहा दिला जाई. पाण्याचे कॅन कुठे बांधायचे? जीजाजींना विचारा. फावडं एक की दोन? जीजाजींना विचारा. ओढायचा दोर नायलॉनचा की तारेचा? अमोल चहाचा घोट घेऊन, जरा आभाळाकडे पाहून काहीतरी सांगे आणि ते तसंच होई. भैयाजींनी चाकांखाली टाकायला सागाच्या चार फळ्या स्वतः रंधून दिल्या. सासूबाई प्रयागबाईंनी लू लागू नये म्हणून पाच किलो कांदे बांधले. नागपूरकरांना वाळवंट म्हणजे काय, आपलाच मे महिना, फक्त झाडं नसलेला.

"मामाजी, तिकडं जानेवारीत भलती थंडी राहते," अमोल म्हणाला. "दोन जाड रजया घेऊ."

आठ महिन्यांत त्याने स्वतःच्या अंगाने अनुभवलेली ही एवढीच गोष्ट होती. त्यावर सगळं आवार खो-खो हसलं. "जावई मोठे थट्टेखोर," भैयाजी म्हणाले आणि कांद्याची पिशवी सीटखाली सरकवली.

"जीजाजी, चाकात हवा किती ठेवू?" पियुषने विचारलं.

"फुल. वाळूत टायर टाइट पाहिजे." हे त्याला कोणीही शिकवलं नव्हतं. "टाइट" हा शब्द त्या घडीला ठाम वाटला, बस.

घरी परतताना त्याला खरोखर गुदमरल्यासारखं व्हायचं. बांधलेला प्रत्येक दोर आपल्याच अंगाभोवती आवळला जातोय असं वाटे. रुतलो तर रुतलो, आपलं काय. पण शेजारच्या सीटवर पियुष असणार. या पोराला आपल्यावाचून दुसरं कोणी मोठं वाटत नाही आणि आपण त्याला घेऊन नेमके कुठे चाललो आहोत, या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता.

शेवटच्या रविवारी सराव म्हणून दोघं कन्हान नदीच्या पात्रात गेले. पाणी आटून पांढरी वाळू उघडी पडली होती आणि पलीकडे टरबूज-डांगराच्या वाड्यांसाठी बायामाणसं खड्डे खोदत होती. अमोलने जीप वाळूत घातली. वीस पावलं गेली न गेली तोच चाकं जागच्या जागी गरगरू लागली. त्याने जोर दिला, तशी जीप पुढे जायची सोडून खाली जाऊ लागली. त्याने आणखी जोर दिला. सागाच्या फळ्या टाकल्या, त्या चाकांनी मागे भिरकावून दिल्या. शेवटी जीप पोटावर बसली. अमोलच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि पियुष वही घेऊन लिहून घेत होता!

वाडीतली एक बाई कमरेवर हात ठेवून केव्हाची पाहत होती. गोपिका तिचं नाव. "काहून फिरवून राहिले गा चाकं?" ती म्हणाली. "गाडीले पुरता का? हवा सोडा ना अर्धी. चाक पसरलं म्हणजे वाळूवर चालते, फुगलं म्हणजे घुसते. आमचा टेम्पो उन्हाळाभर टरबुजं भरून जाते इथून."

तिने बाभळीचा काटा घेतला, चाकाच्या हवा भरायच्या नळीत टोचला. फुस्स करत हवा सुटली. चारही चाकं अर्धी केली, थोडी वाळू उपसली, आणि जीप म्हातारीने पाटावरून उठावं तशी कण्हत बाहेर आली.

"गाडी मुद्दाम फसवली ना?" पियुषचे डोळे चमकत होते.

अमोलने ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. "नाही गा, पियुष. मले येत नाही. फुल हवा सांगितली तेच चुकलं. मी तिकडं गोदामात होतो, नट-बोल्ट मोजत. जीपले कधी हातबी नाही लावला."

पियुष पोट धरून हसला. "राहू द्या, जीजाजी! फसल्याबिगर माणूस शिकत नाही, तुम्हीच म्हणत होते."

घरी हातपाय धुवायच्या आतच पियुषने सगळं भैयाजींना सांगितलं. अमोलने पानावर बसल्या बसल्या पुन्हा हिंमत केली. "मामाजी, शपथेवर सांगतो, मले वाळूत गाडी चालवता येत नाही."

भैयाजींनी भरल्या डोळ्यांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. "ऐकलं वं? याले म्हणतात मोठेपण. एवढं येत असून माणूस म्हणते, मले येत नाही. अन् आपले चिरंजीव! येत काही नाही, पण मिजास पाहा." मग ते अमोलकडे वळले. "पोरगा तयार आहे ना पण?"

पियुष त्याच्याकडे टक लावून पाहत होता. वाढलेल्या पानावर, सासऱ्यासमोर, त्या नजरेखाली अमोल पुन्हा तेच म्हणाला. "हाव."

निघायच्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. त्यावर गॉगल लावलेला अमोल आणि खाली "वाळवंटाचा वाघ". अमोलच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर टिळा, हातात नारळ. सोनिका आणि तिचे वडील मुद्दाम आले होते. होणाऱ्या सासऱ्याने पियुषच्या खांद्यावर हात ठेवून कौतुकाने विचारलं, "तुम्हीबी चालवता का वाळूत?"

पियुषने सोनिकाकडे पाहिलं. ती हसत होती.

"हाव," तो म्हणाला. "दोनदा जाऊन आलो ना, जीजाजीसोबत."

अमोलने हातातला नारळ बॉनेटवर ठेवला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. हे अर्धं तोंडही त्याचंच होतं. तिकडे चहूकडे वाळू असणार, कांदे असणार, रजया नसणार आणि गोपिका तर नसणारच. आणि हे सगळं टळून पोरगा सुखरूप परत आला, तरी पुढची बारा वर्षं त्याला ते "दोनदा" निस्तरावं लागणार.

तो पुढच्या चाकापाशी बसला, खाली पडलेली एक काडी उचलून नळीत खुपसली आणि ओरडला, "मले येत नाही! वाळवंटात मी कधीच जीप चालवली नाही, मी खोटं बोललो!" फुस्स करून हवा सुटू लागली.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. चार जणांनी मोबाइल काढले. "पाहा पाहा," भैयाजी व्याह्यांना सांगत होते, "वाळूत हवा कशी सोडते ते दाखवून राहिले!"

तेव्हा अमोलला कळलं, की या गल्लीत जावयाचा दोष कोणालाच दिसणार नाही. आणि या गल्लीत कोणाचा दोष पटकन दिसतो, हेही त्याच क्षणी कळलं. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी तो उठला.

"मामाजी," तो म्हणाला, "पियुष तयार नाही. त्याले वाळूत गाडी चालवता येत नाही. राजस्थानात तो कधी गेलाच नाही."

शब्द न् शब्द खरा होता आणि शब्द न् शब्द लगेच पटला. टाळ्या थांबल्या. भैयाजींचा चेहरा लाल झाला. "काय बे? पाहुण्यांच्या तोंडावर खोटं बोलतो?" सोनिकाने मान खाली घातली. तिचे वडील खिशातला रुमाल उगाच काढून पुन्हा ठेवू लागले. "उतरव सामान!" भैयाजी गरजले. "कुठं जायचं नाही. जावईबापू होते म्हणून वाचलो आम्ही. स्वतःची सफर बुडून राहिली तरी लपवलं नाही, याले म्हणतात माणूस!" आणि त्यांनी दोन्ही हात अमोलपुढे जोडले.

पाहुण्यांना घेऊन सगळे आत गेले. पियुष एकटाच जीपवरून पाण्याचे कॅन उतरवत होता. अमोल एक कॅन धरायला पुढे झाला, तर त्याने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुम्हाले," पियुष खाली पाहतच म्हणाला, "खरंच नाही येत?"

"नाही."

या वेळी तो हसला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी अमोलवर विश्वास ठेवला होता. गळ्यातला हार त्याला खाजत होता, पण काढायचा धीर होत नव्हता.

आतून भैयाजींची हाक आली. "जावईबापू! या ना आत. व्याह्याले तो उंटाचा किस्सा ऐकायचा आहे."

अमोल हलला नाही. पियुषने कांद्याची पिशवी ओढून बाहेर काढली आणि भिंतीशी ठेवली.

"जा," तो म्हणाला. "सांगा."

आणि अमोल आत गेला.