पांढरी चार

रंगनाथने पेटीची पांढरी चार दाबली आणि पोपटराव तात्यांनी कानावर ठेवलेला हात खाली घेतला.

"ही पट्टी तुला कुणी सांगितली?"

"कुणी न्हाई, तात्या. कॅसेट लावून जुळवली."

"माझ्या कॅसेटवरनं?"

"व्हय."

भर पंगतीत कुणी धोतराला हात घालावा, तसं तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच-सहा माणसं दाटीनं बसली होती. फ्लॅट महमूदचा. रत्नागिरीचा माणूस, एका लोखंडी सामानाच्या कंपनीत क्लार्क. तात्यांना दोह्यात आणायचं खूळ मूळ त्याचंच. व्हिसा एकट्या तात्यांचा झाला, साथीदारांचे अडकले. मग कामगारांच्या कॅम्पातला दिलावर सुतार ढोलकीला उभा राहिला आणि पेटी आली रंगनाथच्या मांडीवर. रंगनाथ एसी दुरुस्त करायचा. पण सांगोल्याकडच्या भजनात लहानपणापासून पेटीवर बोटं फिरवलेली, तेवढ्या भांडवलावर त्यानं होकार दिला होता. तासाभरात कार्यक्रम होता.

"काळी चार लाव," तात्या म्हणाले. "चाळीस वर्षं काळी चारला गातोय मी. पाळण्यातल्या पोराला ठाव हाय."

रंगनाथनं बोट सरकवलं. पांढरी चारपासून काळी चार मोजून तीन सूर वर. पेटीवर हे अंतर बोटभर. गळ्याला मात्र सगळा डोंगर. तात्यांनी पुन्हा कानावर हात ठेवला, डोळे मिटले.

"पाटाच्या पाण्या, कुठवर जाशील..."

पहिली ओळ कशीबशी निघाली. "माझ्या माहेराच्या रानाला भेटून येशील" म्हणताना आवाज वर चढला, 'रानाला' पाशी फाटला आणि उरली नुसती हवा. तात्या खाकरले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी त्यांनी ती जागा गाळूनच पुढं जायचं बघितलं, तेव्हा दिलावरनं ढोलकीवरचा हात उचलला. आतून महमूदची बायको हजरा चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"चहा घ्या तात्या, गरम," महमूद घाईनं म्हणाला. "विमानातला एसी बाधतो. मला पण दोन दिवस घसा धरतो."

त्याचं खोटं इतकं केविलवाणं होतं की रंगनाथला त्याचीच दया आली.

तात्या चहा न घेता गॅलरीत गेले. रंगनाथ मागोमाग गेला. खाली शुक्रवारचा रस्ता रिकामा होता; दुकानांची शटरं ओढलेली.

"गेल्या साली खरसुंडीकडच्या एका जत्रेत," तात्या त्याच्याकडे न बघता बोलायला लागले, "असंच झालं. मागनं कुणीतरी वरडलं, म्हाताऱ्याला खाली उतरवा. पोरं हसली. मी माईक ठेवला आणि घरी आलो. तेव्हापासून गायलो न्हाई."

"मग इथं..."

"तुमच्या पत्रावर बावन्न सह्या होत्या. चार अंगठे. वाटलं, येईल आवाज. एवढ्या लांबनं बोलावत्यात म्हटल्यावर येईलच." ते हसले, पण ते हसू नव्हतं. "सांगा त्यास्नी, तात्या आजारी पडला."

अल रय्यानच्या पलीकडे कॅम्पाच्या जेवणाच्या हॉलमध्ये माणसं सकाळपासून जमायला लागली होती. उम्म सईदहून, दुखानहून आली होती. कुणी ड्यूटी बदलून घेतली होती, कुणी रात्रपाळी करून तसाच, न झोपता आला होता. यातल्या कितीतरी जणांनी दोन-दोन, तीन-तीन वर्षं बायकापोरांची तोंडं बघितली नव्हती. तात्यांचं हे एक गाणं लावायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, ही त्यांची शुक्रवारची सुट्टी. आता त्यांच्यासमोर जाऊन काय सांगायचं?

"पांढरी चारला गा की, तात्या. खालच्या पट्टीत आवाज छान लागंल."

"लागंल. मला ठाऊक हाय." तात्यांनी कठडा घट्ट धरला. "अरे, पण ज्यांनी माझं गाणं तोंडपाठ केलंय, त्यास्नी पहिल्या ओळीत कळंल, म्हातारा खाली उतरला. मग टाळ्या वाजवतील. कीव म्हणून वाजवतील. ती जत्रेतली पोरं परवडली. शिव्या पचत्यात. कीव न्हाई पचत."



तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. शहाजीची पिकअप. "यल्ला, चला तात्या! माणसं खोळंबल्यात!"

तात्यांनी कोट चढवला, पटका नीट केला. "चल. तोंड लपवून न्हाई जायचं. जातो, हात जोडतो आणि सांगतो खरं काय ते."

महमूद आणि दिलावर पुढे मोटारीतून गेले. पिकअपमध्ये शहाजी, मध्ये तात्या आणि खिडकीशी पेटी मांडीवर घेतलेला रंगनाथ. आटपाडीचा हा शहाजी म्हणजे तात्यांचा भक्तच. तात्या शेजारी बसलेत या आनंदात त्याचा गिअर दोनदा चुकला.

"तात्या, तुमास्नी दावतो, तुमी आमच्यात कसं राहता ते," असं म्हणून त्यानं डॅशबोर्डातल्या टेपमध्ये कॅसेट ढकलली.

ढोलकी वाजायला लागली. मग आवाज आला, जाड, संथ, खालून वर येणारा. पाटाच्या पाण्या, कुठवर जाशील. कुठंही घाई नाही. विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी म्हणत असावं तसं ते गाणं होतं.

"हे कोण?" तात्यांनी विचारलं.

"आवं, कोण काय! तुमीच की!" शहाजी खदखदून हसला. "तात्या चेष्टा करत्यात बघ, रंगा."

तात्या चेष्टा करत नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पुढे वाकून ऐकायला लागले. रंगनाथची बोटं मांडीवरच्या बंद पेटीवर आपोआप हलली. पांढरी चार. त्यानं जुळवलेली पट्टी हीच तर होती, चूक नव्हती.

गाणं संपायच्या आत तात्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालाची गुंडाळी काढली. आत एक कॅसेट होती. वरचा कागद झिजून पांढरा झालेला.

"ही लाव."

शहाजीनं कॅसेट बदलली. तेच गाणं, त्याच टेपवर. पण आवाज असा उसळून आला की रंगनाथ दचकला. धारदार, चपळ, वरच्या वर झेपावणारा. 'रानाला' या शब्दावर तो आवाज सहज चढला, तिथं थोडा थांबून खेळला आणि हसत खाली आला. सहा-सात वर्षांचा असताना, आजोळच्या जत्रेत, वडलांच्या खांद्यावर बसून ऐकलेला आवाज हाच. काळी चार. इतकी वर्षं तो हा आवाज विसरला होता आणि विसरलो हेही त्याला कळलं नव्हतं.

एक राउंडअबाउट गेला, दुसरा गेला. शहाजी मान तिरकी करून ऐकत होता.

"कसं वाटतं?" तात्यांनी विचारलं.

शहाजी अवघडला. "खरं सांगू का? राग न्हाई ना यायचा?"

"सांग."

"पोरगं बरं गातंय. गळा हाय. तुमची नक्कल करतंय, पर उगा घाई करतंय. जीव नाय त्यात. आमच्या तात्यांची सर न्हाई." आणि लगेच, पाहुण्याच्या माणसाला आपण नावं ठेवली असं वाटून, "तुमच्या शिष्यातला हाय का कोण?"

तात्या समोरच्या काचेतून बघत होते.

"शिष्य न्हाई," ते म्हणाले. "वळखीचा होता."

कॅम्पाच्या फाटकाशी शहाजी वॉचमनशी बोलायला खाली उतरला. तात्यांनी रंगनाथचं मनगट धरलं.

"या शहाजीची ती कॅसेट कुणी भरली?"

"महमूदभाईनं. समद्या कॅम्पात त्यांच्याच कॅसेटी हायेत. एका मशीनवर लावत्यात, दुसऱ्यावर भरत्यात." रंगनाथ बोलता बोलता थांबला. दिवसभर तो मशीनच उघडायचा. रबरी पट्टा सैल झाला की पंखा कसा रेंगाळतो, ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. "लावायच्या मशीनचा पट्टा सैल असणार, तात्या. गाणं हळू फिरतंय. हळू फिरलं की आवाज खाली जातो. आणि खाली गेलेलंच दुसऱ्या मशीनवर उतरतं."

"किती वर्षं?"

"आठ. मी आलो तवापासनं हेच ऐकतोय."

"समदेच?"

"समदेच."

तात्यांनी मनगट सोडलं. हात जोडून माफी मागणार की गाणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि रंगनाथला विचारायचा धीर झाला नाही.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इस्त्रीचे शर्ट, डोक्याला तेल, अत्तराचा वास. जेवणाची टेबलं जोडून स्टेज केलं होतं. कॅम्पबॉसनं मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या बांगेपर्यंत हॉल दिला होता. बांग झाली की खलास. महमूद रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन अगदी पुढं बसला होता. तात्या माईकसमोर उभे राहिले आणि तीनशे माणसं एकदम शांत झाली.

तात्यांनी हात जोडले. "मंडळी, मी..."

कुणीतरी खोकलं. तात्यांनी जोडलेले हात तसेच धरून मागं वळून बघितलं.

"रंगनाथ, तुझी पट्टी दे."

पांढरी चार. तात्यांनी कानावर हात ठेवला. पाटाच्या पाण्या, कुठवर जाशील. आवाज जाड होता, संथ होता, कडेनं झिजलेला होता. कुठंही फाटला नाही. रंगनाथनं मान वर केली नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, काहीच नाही. संपलं, त्याला वाटलं, ओळखलं यांनी.

मग दुसरी ओळ आली आणि हॉल गायला लागला.

कुणी खूण केली नव्हती. माझ्या माहेराच्या रानाला भेटून येशील. तीनशे माणसं पांढरी चारला गात होती. तात्यांच्याच चालीनं, तितकीच संथ. तात्या जिथं श्वास घेत होते, तिथं तीही श्वास घेत होती. एक पांढऱ्या मिशांचा मिस्त्री डोळे न पुसता गात होता. महमूद मशीनवर हात ठेवून लहान पोरासारखा तोंड उघडून बसला होता. दाराशी उभा असलेला शहाजी शेजारच्याला ओरडून सांगत होता, "तसाच हाय बघ! तसूभर फरक न्हाई!"

तात्यांचा आवाज एकदा थरथरला. तो म्हातारपणानं थरथरला नव्हता, एवढं रंगनाथला नक्की कळलं.

त्यानंतर ते थांबले नाहीत. गाण्यामागून गाणं झालं. सूर्य खिडकीच्या खाली गेला, बांगेला वीसेक मिनिटं उरली, तेव्हा मशीनचं बटण खट्कन वर आलं. महमूदनं कॅसेट काढली आणि कपाळावर हात मारला.

"तात्या, माझ्याकडून घात झाला. पहिलं गाणं भरलंच नाय. ऐकता ऐकता बटण दाबायचं राह्यलं. आणि आता कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. मी मेला एकच घेऊन आलो."

हॉलभर एकच कालवा उठला. तेच गाणं नाही? मग बाकीच्याचं काय करायचं! शुक्रवार, एक दुकान उघडं नाही. खोल्यांतल्या कॅसेटी होत्या त्या तात्यांच्याच, त्या कोण पुसणार? चार-पाच जणांनी महमूदला शिव्या हासडल्या, प्रेमाच्या आणि बिनप्रेमाच्याही.

"हाय, हाय!" दारातून शहाजी ओरडला. "गाडीत हाय की एक! त्या नक्कल करणाऱ्या पोराची! तिच्यावरच भरा!"

"शहाजी, थांब!" रंगनाथ पेटी सोडून उठला, पण शहाजी केव्हाच बाहेर पळाला होता. परत आला तो हात उंच करून, कॅसेट नाचवत.

महमूदनं ती उलटसुलट करून बघितली. "हिचा कान तोडलेला आहे. हिच्यावर भरता यायचं नाय."

"इकडं आण," तात्या म्हणाले.

त्यांनी दिलावरकडून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद मागून घेतला. त्याची बारीक घडी केली आणि कॅसेटच्या कडेला तुटलेल्या कानाच्या भोकात अंगठ्यानं दाबून बसवली. हे काम त्यांनी सावकाश केलं. रंगनाथ त्यांच्या कानाशी वाकला.

"तात्या, घरी दुसरी हाय का?"

"न्हाई."

"मग नको. मी सांगतो त्यास्नी..."

"काय सांगशील?" तात्यांनी हॉलकडे बघितलं. सगळी माणसं त्यांच्याकडेच बघत होती. "बस पेटीवर."

त्यांनी कॅसेट महमूदच्या हातात दिली.

"आता बटण पहिलं दाब, महमूद. आणि उद्या त्या लावायच्या मशीनचा पट्टा तेवढा बदल बाबा. याच्या खाली मला आता उतरता यायचं न्हाई."

महमूदला काही कळलं नाही. विचारायला वेळही नव्हता. त्यानं बटण दाबलं, कॅसेट फिरायला लागली. रंगनाथनं पांढरी चार धरली. तात्यांनी कानावर हात ठेवला.